प्रेस रूम ते फ्लोअर : राजकीय बातमीदारी सोडून करमणुकीच्या वाहिनीवर जाताना

राजकीय बातमीदाराला करमणुकीच्या वाहिनीवरून पहिला फोन येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या मोबाइलमध्ये साठवलेल्या क्रमांकांना अधिक मोल असते. हे वाक्य कडवट वाटेल, पण या वाटेबद्दल विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी आधी हेच सांगते, कारण पुढचा करार, पैशांची प्रतीक्षा, सेटवरचे हसणे आणि अधूनमधून दाटून येणारा संकोच या सगळ्यांचे धागे तिथेच जाऊन मिळतात.

मी मंत्रालय आणि विधिमंडळ या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या वार्तांकन क्षेत्रात, आधी वृत्तपत्रासाठी आणि नंतर वृत्तवाहिनीसाठी काम केले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी राजभवनावरच्या शपथविधीची दृश्ये पाहून आहे त्या कपड्यांनिशी धावत सुटलेल्या पत्रकारांत मी होते, आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या आमदार अपात्रतेचा निर्णय वाचून दाखवला, तेव्हा त्यातल्या एकेका मुद्द्याचा अर्थ थेट प्रक्षेपणात सांगत उभी होते. या कामाचा मला कंटाळा आला होता असे मी म्हणणार नाही. कंटाळा आला होता तो रात्रीच्या चर्चेचा, जिथे चार चौकटींतली चार माणसे एकदम बोलत आणि कुणाचेच वाक्य पूर्ण होत नसे.

सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या दिवसांत, एका निर्मिती संस्थेच्या क्रिएटिव्ह हेडचा फोन आला. कलाकारांच्या गप्पा, खेळ आणि थोडी थट्टामस्करी असा आठवड्यातून एकदा दिसणारा कथाबाह्य कार्यक्रम त्यांच्या मनात होता. सूत्रसंचालनासाठी अभिनेत्री नको होती आणि विनोदी कलाकारही नको होता. "बातम्यांतला ओळखीचा चेहरा हवा, पण हसणारा," असे ते म्हणाले आणि लगेच पुढच्या दमात त्यांनी विचारले, "मॅडम, मोठी मंडळी तुमचा फोन उचलतात ना?" मी हो म्हटले, कारण ते खरे होते. त्या प्रश्नाचे वजन मात्र मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. मी निर्मात्यांना सांगितले की २० नोव्हेंबरचे मतदान आणि २३ ची मतमोजणी होईपर्यंत मी कोणतीही चाचणी देणार नाही, आणि त्याच संध्याकाळी आमच्या संपादकांनाही हा प्रस्ताव कळवला. या क्रमाबद्दल मी आजही आग्रही आहे. निवडणुकीच्या वार्तांकनात असताना दुसरीकडे करमणुकीच्या वाहिनीशी बोलणी चालू आहेत ही गोष्ट संपादकांना बाहेरून कळली, तर तुमच्या त्या काळातल्या प्रत्येक बातमीकडे संशयाने पाहिले जाते, आणि तसे पाहिले जाणे चुकीचेही नसते. संपादक शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. नागपूरचं अधिवेशन करून जा."

या मधल्या आठवड्यांत मी आपल्याआधी कोण असे गेले आहे याचा शोध घेतला. जॉन सार्जंट हे बीबीसीचे मुख्य राजकीय वार्ताहर आणि नंतर आयटीएनचे राजकीय संपादक. १९९० मध्ये पॅरिसमधल्या ब्रिटिश दूतावासाबाहेर ते कॅमेऱ्यासमोर बोलत असताना पंतप्रधान मार्गारेट थॅचर त्यांच्या पाठीमागून बाहेर आल्या, ते दृश्य ब्रिटिश राजकीय पत्रकारितेत अजून सांगितले जाते. हेच गृहस्थ २००८ मध्ये बीबीसीच्या नृत्यस्पर्धेत उतरले. परीक्षक त्यांना कमी गुण देत राहिले, प्रेक्षक त्यांना मते देऊन वाचवत राहिले, आणि आपण खरोखरच जिंकू शकतो असे दिसू लागल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःहून माघार घेतली. २०१० मध्ये त्यांनी भारतातल्या रेल्वेवर माहितीपट केले. आपल्याकडे विनोद दुआ यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटले. प्रणय रॉय यांच्याबरोबर दूरदर्शनवर निवडणुकांचे विश्लेषण करणारा हा माणूस पुढे गावोगावच्या खाद्यपदार्थांच्या कार्यक्रमात रमला, पण राजकीय भाष्य त्यांनी कधी सोडले नाही. दोघांनाही पाहताना एक गोष्ट जाणवली : विनोदी होण्याची धडपड त्यांच्यापैकी कुणीच केलेली नाही. सार्जंट नाचतानाही वार्ताहरासारखेच दिसत, आणि लोकांना तेच आवडत होते.

निकालानंतरच्या आठवड्यात अंधेरीतल्या एका स्टुडिओत स्क्रीन टेस्ट झाली. ती अर्ध्या तासात आटोपली आणि त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टेलिप्रॉम्प्टर आणि टॉकबॅक (कानात नियंत्रण कक्षाचा आवाज देणारे यंत्र) यांची सवय असल्यामुळे तिथे अडचण आली नाही. फक्त जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर उभे राहून वाक्यागणिक तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांकडे वळणे नवीन होते. उत्तर यायला जवळपास महिना लागला. या काळात फोन करून विचारू नये असे सगळे सांगतात, पण मी दोनदा विचारले आणि काही बिघडले नाही.

५ डिसेंबरला आझाद मैदानावर नव्या सरकारचा शपथविधी झाला, १५ ला नागपूरच्या राजभवनात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन सुरू झाले. होकार मला नागपुरातच कळला. मुंबईला परतल्यावर राजीनामा दिला. नेमणूकपत्रातल्या अटीनुसार तीन महिन्यांची नोटीस होती, म्हणजे ३१ मार्च २०२५ हा शेवटचा दिवस ठरला. ही तारीख मी मुद्दाम साधली नव्हती, तरी ती फार सोयीची ठरली, कारण पगाराचे आर्थिक वर्ष आणि व्यावसायिक म्हणून मिळकतीचे आर्थिक वर्ष आपोआप वेगळे झाले. शक्य असेल त्याने हेच करावे.

नोकरी सोडतानाची कागदपत्रे कंटाळवाणी असली तरी त्यांना वेळ द्या. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणून, २६ ने भागून आणि सेवेच्या वर्षांनी गुणून करतात. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी असे १९७२ चा कायदा सांगत होता. मला ती त्याहून बरीच उशिरा मिळाली, आणि मिळाली तीही लेखी अर्जाची पोच दाखवल्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी वेतनाची व्याख्या आणि हिशेब नव्याने तपासून घ्यावा. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर कंपनीने सेवासमाप्तीची तारीख नोंदवली आहे का ते पाहा. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख आपल्यालाही नोंदवता येते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आरोग्यविमा. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते. ती संपण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला, तर आधीच्या वर्षांत पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांना विमा लागू होण्याआधीचा थांबा, हिशेबात धरला जातो. आई माझ्यावर अवलंबून असल्यामुळे माझ्यासाठी हा मुद्दा पगाराहून मोठा होता.

मग अधिस्वीकृती पत्रिका. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची असते आणि आपण ज्या संस्थेत काम करतो तिच्या शिफारशीवर मिळालेली असते, त्यामुळे संस्था सुटली की ती परत करावी लागते. मी पत्राबरोबर ती दिली आणि पत्राच्या प्रतीवर शिक्का घेतला. एसटीच्या सवलतीचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते नंतर एका नातलगाच्या कामासाठी मंत्रालयात गेले तेव्हा. सर्वसामान्यांना दुपारी दोननंतर प्रवेश मिळतो, ही ओळ मी कितीतरी बातम्यांत लिहिली होती, पण त्या रांगेत उभे राहिल्यावरच ऊन कुठल्या बाजूने येते ते कळले. गेटवरच्या हवालदारांनी ओळखले आणि विचारले, "काय मॅडम, आज इकडून?" मी म्हटले, "आता इकडूनच."

१० मार्चचा अर्थसंकल्प हे माझे शेवटचे मोठे वार्तांकन. त्यानंतर एप्रिल महिना करारात गेला.

करार तीस पानांहून अधिक होता आणि इंग्रजीत होता. मनोरंजन क्षेत्रातले करार पाहणाऱ्या वकिलांनी तो वाचून समजावण्याचे १५ हजार रुपये घेतले. त्या वर्षातला हा माझा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च. नोकरीच्या नेमणूकपत्राची सवय असलेल्या पत्रकाराला अशा करारातल्या काही गोष्टी ठाऊक नसतात. पर्व चालू असताना आणि त्यानंतरही काही महिने दुसऱ्या वाहिनीवर दिसायचे नाही. जाहिरात केली तर वाहिनीला विचारून करायची. आपल्या वक्तव्यावरून खटला झाला तर नुकसानभरपाईचा बोजा आपल्यावर येऊ शकतो. आपल्या चित्रणाचे सर्व हक्क कायमचे त्यांचे. यातली नुकसानभरपाईची अट वकिलांनी सौम्य करून घेतली : संहितेत लिहून दिलेल्या आणि वाहिनीने मंजूर केलेल्या वाक्यांची जबाबदारी माझी नाही. हक्कांच्या बाबतीत फारसे हाती लागत नाही. तरी २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ख नुसार कलाकाराला स्वतःचे नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क आहे. हे माहीत असलेले बरे.

मी स्वतःहून दोन कलमे मागितली. पहिले असे की पाहुण्यांना बोलावणे, त्यांची मनधरणी करणे किंवा त्यांचे क्रमांक पुरवणे ही सूत्रसंचालिकेची जबाबदारी असणार नाही. दुसरे असे की एखादी राजकीय व्यक्ती पाहुणी म्हणून येणार असेल, तर तिने वगळायला सांगितलेल्या विषयांची यादी मला आधी लेखी मिळेल आणि ती पाहून त्या भागातून बाजूला होण्याची मुभा मला राहील. फोनवर शांतता पसरली. ज्या कारणासाठी मला घेतले जात होते ते करारात कुठेच लिहिलेले नव्हते, आणि मी ते नाकारण्याचे कलम मागत होते, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. पहिले कलम आठवड्याभरात मान्य झाले. दुसऱ्यासाठी एप्रिल संपेपर्यंत थांबावे लागले, "लीगलकडे आहे" हे उत्तर पुनःपुन्हा ऐकावे लागले, आणि अखेरीस ते आले. राजकीय सदर लिहिणे थांबवावे ही त्यांची अट मी मान्य केली. ती मला रास्त वाटली : शनिवारी मंत्र्यावर टीका आणि रविवारी त्याच्या पक्षातल्या कुणाला टाळ्या, हे वाचकालाही पटले नसते.

पैशांचे म्हणाल तर मासिक पगाराची सवय मोडायला वेळ लागतो. इथे प्रत्येक भागामागे मानधन असते, बिल भाग प्रसारित झाल्यावर लावायचे आणि पैसे सर्वसाधारणपणे ९० दिवसांनी येतात. वाहिनीच्या लेखा विभागात आपली नोंद पुरवठादार म्हणून होते. पॅन, रद्द केलेला धनादेश आणि पत्ता ही कागदपत्रे मी तीन वेगवेगळ्या ईमेलवर पाठवली. मानधनातून १० टक्के कर कापला जातो. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसायकराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेली तर जीएसटीची नोंदणी आणि सेवेवर १८ टक्के आकारणी आली. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचे असतात. हे सगळे सीएला सोपवता येते, पण एक काम स्वतः करावे : उद्यम, म्हणजे लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी. ती पोर्टलवर विनाशुल्क होते, आणि सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात असा कायदा आहे. मी प्रमाणपत्र बिलासोबत जोडले. त्याने पैसे ४५ दिवसांत आले नाहीत, पण पुढची बिले ९० च्या आत निघू लागली. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय ही उडी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात लुक टेस्ट, म्हणजे पेहरावाची चाचणी, आणि मग मॉक शूट, म्हणजे सरावापुरते चित्रीकरण. लुक टेस्टमध्ये माझा चष्मा हा चर्चेचा मोठा विषय झाला. प्रकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो काढावा असे एकाचे म्हणणे, तर चष्म्याशिवाय या बाई त्या बाई वाटत नाहीत असे दुसऱ्याचे. शेवटी बिनचकाकीच्या काचांचा नवा चष्मा आला आणि त्याचे पैसे निर्मात्यांनी दिले.

मॉक शूट जरा तपशिलाने सांगते, कारण खरे शिकणे तिथे झाले. समोर पाहुणा म्हणून रंगभूमीवरचे एक अनुभवी नट बसले होते. मी विचारले, "पहिल्या नाटकात तुमचं काम काढून घेतलं होतं, हे खरं का?" ते म्हणाले, "हो, म्हणजे..." आणि थांबले. मी तत्काळ विचारले, "कुणी काढलं?" त्यांनी नाव सांगितले. मी विचारले, "कारण?" त्यांनी कारणही सांगितले. बातमी म्हणून सगळे मिळाले होते. फ्लोअरवर मात्र कुणी हसले नाही, की कुणी हळहळलेही नाही. कानात दिग्दर्शकाचा आवाज आला, "ताई, ते 'म्हणजे' म्हणाले ना, तिथे गोष्ट होती. तुम्ही ती येऊ दिली नाहीत." पुन्हा केले. या वेळी "हो, म्हणजे..." नंतर मी काही बोलले नाही. दोन सेकंद, तीन सेकंद. वृत्तवाहिनीवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे तांत्रिक बिघाड. नटांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच थोडा सरकवला, हसले, आणि मग विंगेत चहाच्या बशा धुणाऱ्या मुलापासून सुरू होणारा एक किस्सा सांगितला, ज्यात काम काढून घेणाऱ्याचे नाव शेवटपर्यंत आलेच नाही. प्रकाशयोजनेची मुले हसत होती. पत्रकार म्हणून मला ते नाव न आल्याची रुखरुख लागली, आणि ती रुखरुख अजूनही प्रत्येक भागात थोडीफार लागते.

याच काळात मी आवाजाच्या एका कार्यशाळेला १२ हजार रुपये दिले. तिथे शिकवले ते एवढेच की वाक्याचा शेवट खाली पाडायचा नाही. बातमी सांगताना आपण प्रत्येक वाक्य निकाल दिल्यासारखे संपवतो, आणि निकालावर कुणी हसत नाही.

जूनमध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रीकरण सुरू झाले. एका दिवसात दोन भाग, बारा तासांची शिफ्ट, आणि प्रसारणाला सुरुवात होण्यापूर्वी काही भागांची बँक, म्हणजे आगाऊ साठा, तयार ठेवायची अशी पद्धत. बातमीत आज बोललेले आज संपते. इथे जूनमध्ये केलेला विनोद ऑगस्टमध्ये लोकांपर्यंत जातो, आणि तोवर ज्याच्यावर केला तो पक्ष फुटलेला असू शकतो, ही गंमत माझ्याइतकी युनिटमध्ये कुणालाच कळत नव्हती. प्रेक्षक कोऑर्डिनेटरमार्फत येतात. चित्रीकरणापूर्वी एक तरुण त्यांना हसवून, टाळ्यांचा सराव करून घेऊन तापवतो. हे मला आधी फसवणुकीसारखे वाटले. मग आठवले की प्रचारसभेत नेता येण्याआधी स्थानिक वक्ता नेमके हेच करतो आणि त्याला आम्ही वातावरणनिर्मिती म्हणत असू.

प्रत्येक संहिता वाहिनीच्या एस अँड पी विभागाकडे, म्हणजे मानके आणि पद्धती पाहणाऱ्या मंडळींकडे जाते. वृत्तवाहिन्यांच्या तक्रारी एनबीडीएसए ही त्यांची स्वनियमन संस्था पाहते, करमणुकीच्या वाहिन्यांच्या तक्रारींसाठी २०११ पासून बीसीसीसी ही तशीच संस्था आहे, आणि दोहोंच्या डोक्यावर १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता. ही संहिता ज्यात आहे त्या नियम ६ मध्ये कोणत्याही व्यक्तीवर वैयक्तिक टीका वा बदनामी करणारा मजकूर दाखवू नये अशा अर्थाचे एक कलम आहे. हा नियम वृत्तवाहिन्यांनाही लागू आहे, हे रात्री नऊची चर्चा पाहणाऱ्या कुणालाही सांगून पाहावे! एस अँड पीच्या तरुण मुलीने माझ्या पहिल्याच संहितेतून घड्याळावरचा एक साधा विनोद काढला. मी विचारले, का? ती म्हणाली, "मॅडम, घड्याळ चिन्ह आहे ना कुणाचं तरी. आणि त्याचं कोर्टात काहीतरी चालू आहे." माझ्या सगळ्या कारकिर्दीत पक्षचिन्हाच्या वादाचा इतका काटेकोर परिणाम मी पाहिला नव्हता.

जुलैच्या मध्यावर पहिला भाग दिसला आणि मग गुरुवारांची ओळख झाली. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात. वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीने, त्यामुळे तिथे वाईट आठवडा झाकला जातो. करमणुकीत तो आठवडा उघडाच असतो. आमचे पहिले दोन गुरुवार चांगले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात क्रिएटिव्ह टीमच्या बैठकीत अपेक्षित प्रश्न आला : एखादा मोठा नेता बोलावता येईल का? मी कराराकडे बोट दाखवले नाही. एवढेच म्हटले की सगळ्यांची कार्यालये आहेत, जनसंपर्क अधिकारी आहेत, वाहिनीने रीतसर पत्र द्यावे. नव्याने येणाऱ्यांना माझा सल्ला असा की हे वाक्य घरी म्हणून पाठ करून जावे, कारण बैठकीत ते सुचत नाही.

एक नेते आले, स्वतःच्या उत्साहाने आले. दिवाळीनंतर, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस तो भाग चित्रित झाला. वगळण्याच्या विषयांची यादी कलमानुसार लेखी आली आणि तिच्यात एकच ओळ होती : राजकारण सोडून सर्व. मी बाजूला होऊ शकत होते. झाले नाही, कारण ज्या माणसाचे आयुष्यच राजकारण आहे त्याच्याकडे ते सोडून काय उरते हे पाहण्याची मला इच्छा होती. मी त्यांना जिल्हा परिषदेच्या पहिल्या पराभवानंतर घरी गेल्यावर काय झाले ते विचारले. ते आईबद्दल बोलले, सुंदर बोलले, प्रेक्षकांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी गप्प राहिले. कानात कुणीतरी "नेक्स्ट" म्हणत होते, तरी गप्प राहिले. आणि त्या शांततेत ते आपणहून म्हणाले, "पक्ष सोडला त्या रात्री तिनं काही विचारलं नाही. जेवायला मात्र वाढलं नाही." एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातल्या प्रश्नांच्या कार्ड्सकडे पाहिले, मीही पाहिले, आणि आम्ही खेळाच्या फेरीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. त्यांच्या स्वीय सहायकांचा क्रमांक माझ्याकडे होता, तसा माझा त्यांच्याकडे होताच. "ताई, ते जेवणाचं तेवढं काढायला सांगा. घरचं आहे." पत्रकार असते तर मी नाही म्हटले असते आणि विषय तिथे संपला असता. इथे संकलन माझ्या हातात नव्हते. मी त्यांना वाहिनीच्या कार्यालयाशी लेखी बोलायला सांगितले, आणि मला फोन आल्याचे निर्मात्यांना ईमेलवर कळवले.

निर्णय होण्याआधीच ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. वाहिनीच्या कायदेशीर विभागाचा समज असा होता की ही काही केंद्रीय निवडणूक आयोगाची आचारसंहिता नाही, म्हणून भाग दाखवायला हरकत नाही. मी अर्धा तास बसून समजावले की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका संविधानानुसार राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची स्वतःची आचारसंहिता असते, आणि हे नेते तर प्रचार करत फिरत आहेत. खबरदारी म्हणून भाग थांबवला गेला. मग १५ डिसेंबरला २९ महापालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा तो आणखी मागे पडला. १६ जानेवारी २०२६ च्या मतमोजणीच्या दिवशी मी मेकअप रूममध्ये होते. केसांना रोलर लावलेले, मांडीवर मोबाइल, आणि शेजारच्या खुर्चीतल्या अभिनेत्रीला प्रभागपद्धती समजावून सांगणे चालू होते. जुने सहकारी स्टुडिओत घसा फोडत होते. हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आचारसंहिता सरल्यावर तो भाग दाखवला गेला. आईचे सगळे त्यात होते, जेवणाचे वाक्य नव्हते. आकडे पर्वातले सर्वांत चांगले आले. त्यांच्या कार्यालयातून पुष्पगुच्छ आला, आणि जुन्या प्रेस रूममधून एक संदेश : "छान हसवलंस गं त्यांना." तो टोमणा होता की कौतुक, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या पर्वाचा मसुदा आल्यावर मी वकिलांकडून तिसरे कलम घालून घेतले : राजकीय पाहुण्याचा भाग अंतिम संकलनानंतर मला दाखवावा आणि माझी हरकत असेल तर त्यातून माझे नाव काढावे. वाहिनीने उत्तर दिले की अंतिम संकलनावर कुणाही सूत्रसंचालकाला असा हक्क देण्याचा त्यांचा शिरस्ता नाही. त्यावर मी दुसरा पर्याय पाठवला आहे, की पूर्ण पर्वात राजकीय पाहुणे नकोत आणि त्या बदल्यात मानधनवाढ मागत नाही. मसुदा त्यांच्या लीगलकडे आहे. दरम्यान पहिल्या पर्वाची शेवटची दोन बिले यायची आहेत, आणि १५ मार्चचा आगाऊ कराचा हप्ता मी त्यांच्यावर न विसंबता वेगळा काढून ठेवला आहे.